केळी थांबत नाही

नमस्कार श्रोतेहो.

केळीचा घड कापायला आला की त्याला पुढची तारीख देता येत नाही. लांबच्या बाजारासाठी तो हिरवाच, पाऊणएक भरला की उतरवायचा. पिकवायचं काम तिकडे दिल्लीत. आठ-दहा दिवस हुकले की एप्रिलच्या तापात झाडावरच पिवळा पडतो, साल तडकते, आणि मग तो दिल्ली कुठली, भुसावळपर्यंतही धड पोचत नाही. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण 24 मार्च 2020 च्या रात्री कोरोनामुळे देशाला कुलूप लागलं, तेव्हा ते सांगायचं कुणाला?

शेतीला बंदी नव्हती बरं का. 27 मार्चलाच केंद्राने शेतीची कामं, बाजार समित्या, हार्वेस्टरची राज्याराज्यांतली ये-जा, सगळ्यांना सूट दिली. बाग उभी होती, पाणी होतं, दिल्लीतल्या माणसांना भूकही होती. तरी बांधावर ट्रक येईना. मी व्यापाऱ्याला फोन केला, त्याने ट्रान्स्पोर्टवाल्याला केला, आणि खरं कारण सांगितलं ते ड्रायव्हरने. "दादा, जाईन हो, पण खाऊ काय?"

हजारावर किलोमीटरची वाट, आणि रस्त्यावरचे ढाबे बंद. टायर फुटला तर पंक्चरवाला घरी. वर परतीचा माल नाही. एरवी गाडी दिल्लीत केळी उतरवते आणि येताना कारखान्याचा काहीतरी माल भरून आणते, म्हणून आपल्याला भाडं परवडतं. कारखाने बंद, म्हणजे येताना गाडी रिकामी. दोन्ही वाटांचं डिझेल आमच्या केळीच्या बोकांडी. सूट दिली होती ती केळीला आणि ट्रकला. ढाब्याची भाजी आणि पंक्चरची पेटी अत्यावश्यक सेवेत मोडते, हे कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. शेवटी एक गाडी मिळाली ती घरून तीन दिवसांच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि पाण्याचे कॅन दिले तेव्हा.

बाकीचा माल? बाजारातल्या बोर्डावर भाव रोज लिहिला जायचा, त्या भावाने घेणारा दिसायचा नाही. रमजान 25 एप्रिलला सुरू झाला. एरवी आम्ही त्या महिन्याकडे डोळे लावून बसतो, इफ्तारीला केळी लागतातच. त्या वर्षी मशिदीही बंद, हातगाड्याही बंद, आणि रेल्वेच्या फलाटावर डझनभर केळी घेणारा प्रवासीच नाही. काही घड गावात वाटले, काही गुरांपुढे टाकले. चौथ्या दिवशी गुरांनीही तोंड फिरवलं.

दादर ज्वारी कोठीत निवांत राहिली, गहूही राहिला. धान्याला थांबता येतं, म्हणून रेशनवर माणशी 5 किलो फुकट धान्य देता आलं. कापसालाही थांबता येतं, पण तो घरातच रचलेला. खरेदी अडली, उन्हाळा चढला, घरातली पोरं त्या कापसापायी अंग खाजवत अंगणात झोपली, आणि मृगाच्या बियाण्याला पैसे हवेत तर विकायचं काय, हा घोर वेगळाच.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबडीवाल्यांचं तर त्याआधीच झालं होतं. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच निघाला, तेव्हा निदान कोंबड्या खरोखर आजारी होत्या. 2020 ला कोंबडी ठणठणीत, आणि चिकनने कोरोना होतो, या मोबाइलवरच्या एका अफवेने चिकनचा भाव मातीत गेला. टाळेबंदी यायच्या आधी! अफवेला ना डिझेल लागतं, ना ढाबा.

मजुरांचं उलटंच. आधी बागेत घड उतरवायला माणूस मिळेना. महिन्या-दीड महिन्यात सुरतेहून आपलीच माणसं परतली, कुणी ट्रकने, कुणी पायी. कापडाच्या मागावर वीस वर्षं काढलेला हात विळा धरायला लाजत होता. आमच्याकडे एक आला, पहिल्या दिवशी घड खांद्यावर घेताना चिकाने शर्ट खराब केला. केळीचा डाग जात नाही, हे तो विसरला होता.

7 ऑगस्ट 2020 ला शेतमाल नेणारी पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरकडे निघाली, जळगाव-भुसावळवरून. रेल्वेने केळी पाठवणं आपल्याला नवीन नाही, आमच्या वडिलांनी वॅगनी भरल्यात. परतीच्या मालाची अट नाही, ढाब्याची गरज नाही. ती बातमी मी बागेतच ऐकली. तोवर घड उतरून गेलेले, खोडं कापलेली, आणि त्यांच्या बुडाशी फुटलेली केळीची पिलं गुडघाभर आली होती.