कळा सुरू होण्याआधी

सूक्ष्मदर्शकाखाली दिसतोय तो गर्भपिशवीच्या तोंडाचा पातळ छेद, दिवस भरलेल्या बाईचा. जांभळ्या ठिपक्यांची गर्दी म्हणजे पांढऱ्या पेशी. हेच चित्र पायातल्या चिघळलेल्या जखमेत दिसलं असतं, तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न जंतूंचा विचारला असता. इथे जंतू नाहीत. बाई ठणठणीत आहे आणि बाळही.

पिशवीचं तोंड मऊ होणं ही दाहासारखीच क्रिया आहे (दाह म्हणजे जखमेवर किंवा जंतूंवर शरीर देतं ती सूज-लालीची प्रतिक्रिया), असं न्यूझीलंडचे प्रसूतितज्ज्ञ माँट लिगिन्स यांनी १९८१ मध्ये मांडलं. नऊ महिने हे तोंड घट्ट मिटलेलं राहतं ते कोलॅजनच्या चिवट तंतूंमुळे. दिवस भरत आले की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-८ नावाचा निरोप सोडतात. त्या निरोपामागे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात, त्यांच्याकडची विकरं (एन्झाइम) कोलॅजन तोडतात, ऊतीत पाणी शिरतं आणि तोंड सैल पडतं.

पाणमोटेच्या पडद्यालाही तोवर वय झालेलं असतं. त्याच्या थकलेल्या पेशींमधून जे बाहेर पडतं, त्याला शरीर धोक्याची खूण समजतं. पेशींच्या आत एनएफ-कप्पा-बी हा दाह चेतवणारा रेणू जागा होतो, कॉक्स-२ हे विकर वाढतं आणि प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ लागतं. ते तोंडही मऊ करतं आणि स्नायूंना आवळायलाही लावतं. कळा आणण्यासाठी दवाखान्यात जी जेल ठेवतात, त्यातही हेच प्रोस्टाग्लँडिन असतं.

मग नऊ महिने हे सगळं थोपवून कोण धरतं? प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. मेंढीत प्रसूतीआधी त्याची पातळी कोसळते, हिशेब सरळ आहे. बाईच्या रक्तात मात्र ते ऐन कळांमध्येही भरपूर असतं! बदलतात ते त्याचे ग्राहक, म्हणजे पेशींतले त्याचा निरोप घेणारे रेणू (रिसेप्टर): स्नायूंत ‘बी’ प्रकाराच्या तुलनेत ‘ए’ प्रकार वरचढ होतो. मालक दुकानातच बसलेला, पण नोकर ऐकेनासे झालेले. दाहाचे निरोप ही फितुरी वाढवतात, असा पुरावा आहे.

पांढऱ्या पेशी आधी येतात आणि कळा सुरू करतात, की कळा सुरू झाल्यावर त्या गोळा होतात? यावर अजून वाद आहे, आणि तो सुटणंही सोपं नाही. बाळंत होणाऱ्या बाईच्या गर्भपिशवीचा तुकडा तासातासाला काढणार कोण? स्नायूंचे नमुने मिळतात ते सिझेरियनच्या वेळी, काही कळांआधीचे, काही कळा सुरू झाल्यानंतरचे. मधली गोष्ट तर्कानं जुळवावी लागते. उंदरावरून माणसाचं अनुमान काढण्यापेक्षा मला हे अर्धवट नमुने जास्त विश्वासाचे वाटतात.

हीच साखळी सदतीस आठवड्यांच्या आत सुरू झाली, की बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मतं. २०२० मध्ये जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली. काही वेळा खरोखरच जंतू पाणमोटेपर्यंत पोचलेले असतात. अनेकदा जंतू सापडत नाहीत, दाह मात्र असतो.

मग दाहच बंद करावा? इंडोमेथॅसिन प्रोस्टाग्लँडिन रोखतं, कळा काही काळ थांबतात. पण बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी याच प्रोस्टाग्लँडिनमुळे उघडी राहते, ती आवळू शकते. म्हणून हे औषध थोड्याच दिवसांसाठी, तेही लवकरच्या आठवड्यांत देतात. मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठी अमेरिकेत २०११ पासून दिलं जाणारं प्रोजेस्टेरॉनसदृश इंजेक्शन २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्याचा उपयोग सिद्धच झाला नाही.

जे हाती लागलं तेही लिगिन्स यांच्याच कामातून. स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू फार लवकर जन्मूनही श्वास घेत होतं. १९७२ मध्ये रॉस हाउई यांच्यासोबत त्यांनी स्टेरॉइडच्या इंजेक्शनची मातांवरची चाचणी प्रसिद्ध केली. हे इंजेक्शन कळा थांबवत नाही, बाळाची फुफ्फुसं तयार करतं. आपल्याकडे २०१४ पासूनच्या सरकारी सूचनांनुसार चौतीस आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, तर उपकेंद्रातली एएनएम (परिचारिका) डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पहिला डोस देऊन बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवू शकते.