साल कुणाच्या पोटात जाते?

नमस्कार श्रोतेहो. सेंद्रिय खायचंय, पण खिशाला झेपत नाही, ही तक्रार खरीच आहे. म्हणून एकच हिशेब धरा: जे सालीसकट खाता, त्यावर पैसे घाला, ज्याची साल फेकता, त्यावर वाचवा. पालक, द्राक्षं, स्ट्रॉबेरी सेंद्रिय घ्या. कांदा, केळी, अननस साधे आणा.

आणि सफरचंद? त्याची गंमत ऐका. २०१७ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चक्क सेंद्रिय सफरचंदं घेतली, गाला जातीची, आणि त्यांना मुद्दाम दोन औषधं लावली. एक थायाबेंडाझोल, बुरशी मारणारं. दुसरं फॉस्मेट, कीड मारणारं. चोवीस तास तशीच ठेवली आणि मग धुतली. काही नळाच्या पाण्यात, काही फळं धुण्याच्या ब्लीचच्या पाण्यात, तर काही साध्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात. सरस ठरला सोडा! सालीवरचं एक औषध बारा मिनिटांत गेलं, दुसरं पंधरा मिनिटांत. पण खरी मेख पुढेच आहे. थायाबेंडाझोलचा २० टक्के भाग तोवर सालीतून आत मुरला होता, फॉस्मेटचा ४.४ टक्के. मुरलेल्याला सोडा काय करणार? पहिलं औषध आंतरप्रवाही, आत शिरणं हा त्याचा स्वभावच. सोड्याचं काम वरवरचं. साधं सफरचंद आणलंत, तर धुवाही आणि सोलाही. सालीसकटच खायचं असेल, तर ते सेंद्रिय घ्या.

प्रमाण लिहून घ्या. एक लिटर पाणी, चहाचे दोन सपाट चमचे सोडा, पंधरा मिनिटं. पुन्हा सांगतो: एक लिटर, दोन चमचे, पंधरा मिनिटं. फळ पूर्ण बुडलं पाहिजे. तरंगत असेल तर वर ताटली ठेवा. मग वाहत्या पाण्याखाली चोळा. सोडा खाण्याचा, धुण्याचा नव्हे. त्यात व्हिनेगर ओतू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती उरतं खारट पाणी. धुणं खायच्या आधीच. ओलं फळ ठेवलंत की सडतं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, कापून डबीत भरलेली फळं विकत घेणं मला कधीच पटलेलं नाही. सुरी चालवायचे पैसे कशाला द्यायचे? ते सेंद्रिय पालकाला लावा. आणि वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नका. प्रमाणपत्राची खूण शोधा. सेंद्रिय शेतीतही तांब्याची काही औषधं चालतात, तेव्हा सेंद्रिय मालही धुवायचाच.

धान्य आणि कडधान्यं सेंद्रिय घ्यायची, तर चारजणांत मिळून मोठं पोतं घेतलेलं परवडतं. फसगत होते ती सोंड्यांमुळे. या धान्याला रासायनिक धुरी दिलेली नसते, किड्याची अंडी दाण्यातच असतात. किलोकिलोच्या पिशव्या घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. थंड दाण्यांवर हवेतली वाफ बसते आणि बुरशी धरते. पिशवी खोलीइतकी कोमट झाली की मगच दाणे कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ओता.