आनंदवनाचा माग

धोटा उजवीकडून डावीकडे धावतो, फणी ठोकली जाते आणि चादरीत आणखी एक आडवा धागा जागेवर बसतो. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनात हा आवाज कित्येक वर्षांपासून घुमतो आहे. या मागांवर आजवर बसलेल्या विणकरांपैकी अनेकांच्या बोटांना मात्र त्या धाग्याचा स्पर्श कधी कळलाच नाही.

कुष्ठरोगाने बोटे झडतात, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. प्रत्यक्षात हा रोग मज्जातंतूंवर घाला घालतो. हाताची संवेदना जाते, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळते, आणि मग तव्याचा चटका बसला किंवा पत्र्याची कड लागली तरी माणसाला पत्ता लागत नाही. जखम चिघळते, पुन्हा पुन्हा होते, हाड झिजत जाते. बोट आखूड होते ते असे. अशा हाताला कारखान्याइतकी धोक्याची जागा दुसरी नाही, आणि तरीही बाबा आमटे यांनी आपल्या संस्थेचा पाया घातला तो कामावरच.

मुरलीधर देविदास आमटे हे पेशाने वकील. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी स्वतः डोक्यावरून मैला वाहिला होता. 1949 मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन ते परतले आणि सरकारने दिलेल्या 50 एकर खडकाळ जमिनीवर, जून 1951 मध्ये, विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, 6 रुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये, ही त्या दिवसाची यादी आता इतक्यांदा सांगून झाली आहे की ती दंतकथेसारखी वाटू लागते. पण त्या यादीत पाणी नव्हते, आणि म्हणून इथल्या हातांनी केलेल्या पहिल्या कामांपैकी एक होते विहीर खणण्याचे.

जमीन पिकू लागली तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. भाजी होती, दूध होते, पण वरोऱ्यात ते घ्यायला कोणी तयार नव्हते. 1954 मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक इथे येऊन राहिले, त्यांनी रुग्णांबरोबर इमारती उभ्या केल्या आणि इथेच पिकलेले अन्न खाल्ले. त्यानंतर कुठे गावाची भीड चेपली आणि मालाला गिऱ्हाईक मिळू लागले. शेजाऱ्यांच्या शब्दावर न बसलेला विश्वास परक्यांच्या जेवणावर बसावा, हे गावाला फारसे भूषणावह नाही.

शेतीपाठोपाठ उद्योग आले: टिनचे डबे, सुतारकाम, छपाई, सतरंज्या, हातमाग आणि पुढे यंत्रमागही. अंध आणि अस्थिव्यंग तरुणांच्या प्रशिक्षणाचीही सोय झाली. कुष्ठसेवेत अनुभवाने रुळलेल्या काही साध्या युक्त्या आहेत. हत्याराची मूठ कापड गुंडाळून जाड केली की पकड न कळणाऱ्या हातावर दाब पसरतो. काम सुटल्यावर हात पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे आणि तळवा उजेडात धरून डोळ्यांनी तपासायचा, कारण जे त्वचा सांगत नाही ते डोळ्यांनाच शोधावे लागते.

दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो, अशी बाबांची धारणा होती. अर्थात रुग्णालय आणि शाळा चालवणारे आनंदवन देणग्यांवाचून चालले, असे नाही. पण चादर विकायची ती चादर म्हणून, दया म्हणून नव्हे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही.

1983 पासून राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत, आला आणि वेळेत निदान झालेल्या रुग्णाचे हात वाचू लागले. त्यामुळे कार्यशाळांमधले चेहरे हळूहळू बदलले. जुन्या रुग्णांच्या जोडीला अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग कारागीर आले.

विक्रीसाठी मांडलेल्या चादरींपैकी एकीचे टोक कोणी गिऱ्हाईक चिमटीत धरते, अंगठ्याने घासून पोत पाहते आणि मग भाव विचारते.