ताटाच्या आत

(दृश्य: पहाट. काळ्या रानातली भेग. कॅमेरा भेगेतून वर सरकत ताटांवर.)

या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. जानेवारी संपत आलाय, शिवार मंगळवेढ्याचं. हस्ताच्या पावसानं जी काय ओल दिली, ती ऑक्टोबरात. त्यानंतर वरून थेंब नाही. विहिरीचं पाणी नाही, कालव्याचं नाही. आणि ही ज्वारी डोक्याच्या वर हातभर उभी आहे.

दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं उघडली, ती कथा याच गावची. त्या कथेत कोठार येतं, बादशहा येतो, साक्षात विठ्ठल येतो. ज्वारीचं ताट, म्हणजे तिचं उभं धाट, काही येत नाही. आम्ही कॅमेरा तिकडे लावलाय.

कोरडवाहू पीक म्हटलं की बोलणं मुळांवर जातं. ज्वारीची मुळं पाच-सहा फूट खाली उतरतात, खरंच आहे ते. पण ओल जमिनीत असणं वेगळं आणि ती कणसापर्यंत चढणं वेगळं. मधली सगळी वाट या दोन बोटं जाडीच्या ताटातून जाते. आणि ज्वारी म्हणजे काही झाड नव्हे, गवतच ते. चार महिन्यांचा जन्म. बाभळीसारखं लाकूड साठवत बसायला तिला वेळ कुठला?

(दृश्य: अंगठा ताटावरून फिरतो.)

बोटाला ही पांढरी भुकटी लागते. धूळ वाटते, पण हे मेण आहे, ज्वारीनं स्वतः पाझरलेलं. आपल्या पिकांमध्ये एवढं मेण अंगावर बाळगणारी थोडीच. त्यानं ऊन परततं आणि सालीतून उडून जाणारं पाणी अडतं. अंगठा फिरला तिथला उघडा हिरवा पट्टा बघा. आता तेवढ्या जागी ऊन थेट सालीवर पडेल.

(दृश्य: पातं, ताट, पाटा. क्लोज-अप.)

आता आत. कांड्याची पातळ चकती कापायची आहे. पहिल्या दोन फाटल्या. साल भलतीच कडक, आतला गाभा म्हणजे भेंड मऊ, पातं सालीवर अडतं आणि भेंडात घसरतं. तिसरी जमली.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा काप.)

कडेला ठिपके दाटीवाटीनं, मध्ये विरळ. प्रत्येक ठिपका म्हणजे वाहिन्यांचं एक जुडगं. आणखी जवळ जाऊ. दोन मोठी गोल भोकं, डोळ्यांसारखी. खाली एक पोकळी, आ वासलेल्या तोंडासारखी. माकडाचा चेहरा! मक्याचा काप बघताना कॉलेजातली पोरं हेच म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. ते डोळे म्हणजे जलवाहिन्या. कपाळाच्या जागी आहेत त्या साखर वाहणाऱ्या रसवाहिन्या. चेहऱ्याभोवती जाड भिंतींच्या पेशींचं कडं, आणि त्या भिंतींत मुरलेलं लिग्निन. लाकडाला लाकूडपण देतं तेच हे द्रव्य. सालीच्या आतल्या अंगाला तर अशा पेशींचं सलग अस्तरच आहे.

एवढी जाड भिंत फक्त वाऱ्यात उभं राहण्यासाठी नाही. पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं. पानातून वाफ उडते, तिच्यामागोमाग पाण्याचा धागा वर खेचला जातो. जमीन जितकी कोरडी, तितका धागा ताणलेला. शहाळ्यातली नळी जोरात ओढली की कशी चपटी होते? वाहिनीचं तसं होऊ नये म्हणून ही भिंत.

आणि नळीला चीर असेल तर? फुर्र आवाज येतो, हवा येते, पाणी येत नाही. वनस्पतीचा खरा धोका हा. ताण फार वाढला की धागा तुटतो, वाहिनीत बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी बंद पडते. हा तुटण्याचा आवाज माणसानं ऐकलाय. १९६६ मध्ये मिलबर्न आणि जॉन्सन या दोघांनी एरंडात त्या टिचक्या यंत्रानं टिपल्या. एरंड, आपल्या बांधावरचाच.

म्हणजे दुष्काळ सोसायचा तर धागा तुटू द्यायचा नाही, आणि तुटलाच तर तुटणं पसरू द्यायचं नाही.

(दृश्य: ताट उभं चिरलेलं. पेर.)

हे पेर. बाहेरून नुसती गाठ दिसते. मक्याच्या खोडावर या गाठीचा बारकाईनं अभ्यास झालाय. मोठ्या वाहिन्या पेरातून सरळ पुढे जात नाहीत. पाणी इथं बारीक नलिकांच्या गुंत्यात शिरतं, गाळल्यासारखं होतं आणि मग वरच्या कांड्यात चढतं. बुडबुड्याला ती वाट मिळत नाही, तो खालच्या कांड्यातच अडतो. ज्वारी मक्याच्या भावकीतली, पेराची बांधणीही त्याच घराण्याची. प्रत्येक पेर म्हणजे एक बंद होणारं दार समजा. या ताटाची पेरं मोजा. एक, दोन, तीन… तेरा.

झाडं चिवट आणि गवतं नाजूक, असं आपण धरून चालतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात, या बुडबुड्यांना तोंड देण्यात लाकूड न धरणाऱ्या, गवतासारख्या वनस्पती वृक्षांपेक्षा सरसकट कच्च्या असल्याचं दिसलं नाही. आमच्याबरोबर रानात फिरणाऱ्या आजोबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग? बाभळ वाळते की आमची.”

(दृश्य: पानाची मधली शीर, दोन पानं शेजारी शेजारी.)

आता भेंड. एका पानाची मधली शीर पांढरीशुभ्र, दुसऱ्याची मळकट हिरवी. पांढरी असेल तर ताटाचं भेंड कोरडं, हिरवट असेल तर रसाळ. ताट न मोडता कळतं. २०१८ मध्ये या फरकामागचं जनुक ओळखलं गेलं. ते काम करत असलं की भेंडाच्या पेशी मरतात आणि जागेवर हवा राहते. ते बिघडलं की पेशी जगतात आणि रस धरून ठेवतात. गोड ज्वारीची धाटं पोरं उसासारखी सोलून खातात, ती अशी.

ताटातली ही शिल्लक लागते कधी? पीक पोटरीत येतं म्हणजे कणीस पानाच्या आवरणात फुगतं, मग निसवतं म्हणजे बाहेर पडतं, दाणे दुधात येतात, तेव्हा. रब्बीत नेमकी तेव्हाच जमिनीतली ओल संपत आलेली असते. पानं पाणी वाचवायला कडेनं गुंडाळी करतात, अन्न कमी बनतं, आणि कणीस ताटातली साखर ओढायला लागतं. ताट स्वतःला रिकामं करून दाणा भरतं.

(दृश्य: आडवी पडलेली ताटं. एक ताट बुडख्याशी चिरलेलं.)

फार रिकामं झालं तर असं होतं. याला इथं खडखड्या म्हणतात. जमिनीतली बुरशी ताण बसलेल्या पिकाच्या मुळांतून आत चढते आणि बुडख्याचं भेंड खाऊन टाकते. उरतात ते नुसते वाहिन्यांचे दोरे, आणि त्यांच्यावर काळ्या मिरीच्या पुडीसारखे ठिपके. मघाचे ते चेहरे आठवतात? तेच हे दोरे. पानं शेवटपर्यंत हिरवी ठेवणारे वाण या रोगाला कमी बळी पडतात, म्हणून संशोधक हल्ली कणसाबरोबर पानं कधी वाळतात याचीही नोंद ठेवतात.

(दृश्य: मोत्यासारखा दाणा, तळहातावर. मागे उभं रान.)

ही मालदांडी. नावातच दांडी आहे. शेतकऱ्यांकडच्या जुन्या मालदांडी ज्वारीतून निवडून १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर एम ३५-१ हा वाण काढला गेला. इथून मोहोळ काही लांब नाही. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारी वाण आला, हायब्रीड. खरिपात त्यानं कोठारं भरली. पण उंची कमी, कडबा कमी. सोलापूरच्या रब्बीत मालदांडी टिकून राहिली. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठानं जमीन बघून वाण दिले. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष. या दाण्याला ‘भरड’ म्हणायचं कुणी ठरवलं, त्याला एकदा इथं आणायला हवं.

पेरा मात्र घटतोय. काढणीला माणसं मिळत नाहीत, आणि पाणी आलं तिथं ऊस आला.

(दृश्य: काढणी. बायकांची ओळ, मुळासकट उपटलेली ताटं, बुचाडं.)

रब्बी ज्वारी इकडे कापत नाहीत, उपटतात. हात बघा.

(निवेदन थांबते. दृश्य चालू.)

(दृश्य: गव्हाण. बैल कडबा खातोय.)

बैल आधी पानं खातो. मग शेंड्याकडची मऊ कांडी. बुडख्याकडची तशीच सोडतो, कारण लिग्निन त्यालाही पचत नाही. कमी लिग्निनची ज्वारी आहे, पानाची शीर तपकिरी असते तिची. जनावराला ती चांगली पचते, पण ताट लवकर लोळतं. दोन्ही हवं असतं शेतकऱ्याला. उभं राहणारं ताट आणि खाल्लं जाणारं ताट.

(दृश्य: ओसरी. सात-आठ वर्षांचा मुलगा, पुढ्यात धाटं.)

गव्हाणीत उरलेली धाटं यानं उचलून आणलीत. दातानं सालीच्या चोया काढतो, भेंड वेगळं ठेवतो. भेंडाचे गोल तुकडे म्हणजे चाकं. भेंडात चोय सहज घुसते आणि घट्ट बसते. जू झालं, साटी झाली. डिंक नाही, खिळा नाही.

“बैल कुठंयत?” आम्ही विचारलं.

त्यानं दोन जाड पेरं पुढे सरकवली.