बोन मॅरो दिला तर आपल्यात काय उरतं?

नमस्कार मंडळी, हा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट बघा, घरोघरी कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असा एक असतोच. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. आपण आकडा नॉर्मल आहे ना एवढं बघतो आणि घडी घालून ठेवून देतो. पण मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट कागदावर छापलेलीच नसते, ती म्हणजे या तिघी एकाच घराण्यातल्या आहेत.

लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. तयार होता होताच ती आपलं केंद्रक बाहेर टाकून देते, त्यामुळे तिला विभागता येत नाही, स्वतःसारखी दुसरी करता येत नाही. प्लेटलेट तर आठ-दहा दिवसच टिकतात. तरी काउंट पडत नाही, कारण हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये, सेकंदाला अंदाजे २० लाख नव्या लाल पेशी बनतायत, म्हणजे मी हे बोलेपर्यंत कोटभर झाल्यासुद्धा!

हे करतं कोण? स्टेम सेल, आपल्या भाषेत मूळपेशी. आई दही लावते तेव्हा चमचाभर विरजण उद्यासाठी बाजूला ठेवते ना, अगदी तसं. मूळपेशी विभागतात, त्यातल्या काही पुढे जाऊन लाल, पांढऱ्या वगैरे होतात आणि काही मूळपेशी म्हणूनच मागे राहतात. सगळं दही वाटून टाकलं तर उद्या लावणार कशाला?

हे कळलं टोरंटोमध्ये, टिल आणि मॅकलॉक या दोन शास्त्रज्ञांना. उंदरांना रेडिएशन देऊन त्यांचा मॅरो निकामी केला, मग दुसऱ्या उंदराच्या मॅरोतल्या पेशी टोचल्या आणि दहाएक दिवसांनी प्लीहा (स्प्लीन) काढून बघितली तर तिच्यावर गाठी. जितक्या जास्त पेशी टोचल्या तितक्या जास्त गाठी, आणि गाठीत रक्ताच्या वेगवेगळ्या पेशी. १९६१ ला त्यांनी हे छापलं आणि १९६३ ला दाखवून दिलं की एक गाठ एकाच पेशीपासून वाढते. एका पेशीपासून!

आता डोनेशनचं. लोकांना वाटतं मणक्यातून काहीतरी काढतात. अजिबात नाही हो. मॅरो काढायचाच असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, आणि हल्ली बऱ्याचदा तेही नाही, चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मूळपेशी रक्तात उतरतात, मग एका हातातून रक्त मशीनमध्ये, पेशी वेगळ्या, बाकीचं रक्त परत. दिलेलं काही आठवड्यांत भरून निघतं, कारण विरजण तुमच्याकडे आहेच.

आणि पेशंटला या मूळपेशी सलाईनसारख्या शिरेतून देतात, त्या आपणहून हाडापर्यंत पोचतात. मॅचिंग रक्तगटावर नसतं, त्यामुळे ओ पॉझिटिव्ह पेशंटला बी पॉझिटिव्ह डोनरच्या पेशी मिळू शकतात, आणि त्या नीट रुजल्या की काही महिन्यांनी त्याच्या रिपोर्टवर रक्तगट येतो बी पॉझिटिव्ह.