आधी पाया, मग भिंग

(इंदूरमधल्या एका वाचनालयात डिसेंबरच्या रविवारी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'कमी पैशांत आकाशाचं छायाचित्रण : सुरुवात कोणत्या सामानाने करावी'. हा विषय मला एका मुलाने दिला. गेल्या महिन्यात इथल्याच जिन्यात तो भेटला. म्हणाला, "काका, शिकवण्या करून वीस हजार जमवलेत, कुठली दुर्बीण घेऊ?" मी म्हटलं, आत्ता काही घेऊ नकोस, मी बोलणार आहे त्या दिवशी ये. तो आलाय, तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला उत्तर आधीच देऊन टाकतो. दुर्बीण घेऊ नकोस. रुपयातले आठ आणे कॅमेरा ज्यावर उभा राहणार त्यावर घाल, आणि उरलेल्या आठ आण्यांत कॅमेरा नि लेन्स बसव. बाजार बरोबर याच्या उलट शिकवतो, म्हणून मला हे बोलायचंय.

मी सव्वीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, हजारभर लग्नं कॅमेऱ्यातून पाहिली. उजेड कमी पडला तर दिवा वाढवायचा, माणूस लांब असला तर लेन्स बदलायची, हा आमचा धंदा. माझी पुतणी नऊ वर्षांची असताना म्हणाली, "मला शनीची कडी बघायची आहेत." मी तडक दुकानात गेलो आणि ज्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा होता ते उचललं. 675 पट!

हा 675 कुठून येतो ते नीट ऐका, कारण असली खोकी आजही विकली जातात. नळीचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून जिथे चित्र जमतं तिथवरचं अंतर, 900 मिलीमीटर. सोबत 4 मिलीमीटरचा आयपीस, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग. 900 भागिले 4, झाले 225. त्यात तीनपट करणारी प्लास्टिकची बारलो लेन्स घातली की 675. गणितात चूक नाही. पण पुढचं भिंग होतं 60 मिलीमीटरचं. भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये जेवढा, त्याच्या साधारण दुप्पट वाढ कामाची असते. म्हणजे इथे 120. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि अंधारत जातं, नवीन काही दिसत नाही.

तेही चाललं असतं. बारलो काढून ठेवली की झालं. पण खोक्यातलं तिकाटणं! ॲल्युमिनियमचे पाय, छत्रीच्या दांडीपेक्षा थोडे जाड, आणि वर एक प्लास्टिकचा स्क्रू. गच्चीवर शनी सापडायला मला अर्धा तास लागला. सापडला तसं "ये, ये, लवकर" म्हणून तिला स्टुलावर चढवलं. तिची पापणी आयपीसला लागली आणि शनी गेला. पुन्हा शोधला. या वेळी तिने आपणहून हात पाठीमागे बांधले, श्वास रोखून धरला आणि हळूच डोळा जवळ नेला. दिसला! तेवढ्यात जरासा वारा आला. ती म्हणाली, "काका, शनीला थंडी वाजतेय का? किती थरथरतोय."

शनी कशाला थरथरेल. कड्यांसकट शनीची आकाशातली रुंदी एका अंशाच्या साधारण शंभराव्या भागाएवढी असते. 90 सेंटीमीटरची नळी अंशाच्या शंभराव्या भागाने वळायला तिचं टोक किती हलावं लागतं? जेमतेम 0.16 मिलीमीटर. वहीचे दोन कागद एकमेकांवर ठेवा, साधारण तेवढी जाडी. तेवढ्यात शनी स्वतःच्या रुंदीइतका उडी मारतो. त्यात पृथ्वी फिरतेच आहे. 225 पटीला शनी आयपीसच्या एका कडेने शिरतो आणि चाळीस-पन्नास सेकंदांत दुसऱ्या कडेने निघून जातो. तो प्लास्टिकचा स्क्रू फिरवून त्याचा पाठलाग करायला गेलो की सगळं पुन्हा हलायचं.

तिसऱ्यांदा शोधेपर्यंत ती स्टुलावरून उतरली होती. "दिसला काका, छान होता," म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली, हे मला तेव्हाच कळलं. खाली गेली आणि पुन्हा कधी त्या दुर्बिणीबद्दल तिने विचारलं नाही. मंडळी, पैसे गेले त्याचं मला काही नाही. एका मुलीला आकाश बघायचं होतं आणि त्या तीन लटपटत्या पायांनी तिला परत पाठवलं, हे पंधरा वर्षांनीही सलतं.

जयपूरच्या राजाला, सवाई जयसिंगाला, ही गोष्ट तीनशे वर्षांपूर्वी कळली होती. आधी त्याने पितळेची यंत्रं वापरून पाहिली. ती लहान, त्यांचे आस झिजतात, हलतात, आणि मोजमाप चुकतं, हे त्याने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. मग त्याने यंत्रं बांधलीच चुन्यादगडाची. त्याच्या अशा वेधशाळांपैकी एक आपल्यापासून तासाभरावर, उज्जैनला आहे. 1923 साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. महाकालाला जाऊन आलेले किती, हात वर करा बघू. सगळेच. आणि वेधशाळेत गेलेले? ...नऊ. बाकीच्यांनी पुढच्या खेपेला शिप्रेकाठी अर्धा तास वाकडी वाट करा. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत, जिच्यावर पायऱ्या आहेत, ती पृथ्वीच्या आसाला समांतर बांधलीय, 23 अंश 10 कलांवर, नेमकी ध्रुवाच्या दिशेला. हा उतार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता आणखी एक. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, शब-ए-मालवा, असं आपल्याकडे म्हणतात. आपल्या वाट्याला रात्र आलीय! पण सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना वर बघा, चार तारे मोजून मिळतात. शहराच्या उजेडात महागडा कॅमेरासुद्धा केशरी धुकंच टिपतो. म्हणून सामानाच्या यादीत मी पेट्रोल लिहितो. महूच्या पुढे जानापावपर्यंत जाऊन यायचा खर्च हा कुठल्याही लेन्सपेक्षा जास्त तारे देणारा खर्च आहे. तिथे चंबळ उगम पावते, आणि अमावास्येला देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. 25 लाख प्रकाशवर्षांवरचा तो अंधुक ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा मी कितीतरी वेळ कॅमेऱ्याची पिशवी उघडलीच नव्हती. त्या रात्री आम्ही चौघं होतो, गाडीचे दिवे बंद, आणि...

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, मग आता भराभर सांगतो, लिहून घ्या.

कॅमेरा. जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, घ्या. लग्नाचं काम करणारे आता बिनआरशाच्या मिररलेसकडे वळलेत, त्यांचे जुने कॅमेरे विकायला असतात. घेताना शटर किती वेळा पडलंय ते विचारा. ऑटोफोकस अडखळत असेल तर त्यावरून भाव पाडून घ्या, कारण आकाशाला ऑटोफोकस लागतच नाही. एखादा ठळक तारा, व्याध म्हणा, स्क्रीनवर दहापट मोठा करायचा आणि हाताने लेन्स फिरवून तो टिंबाएवढा करायचा. मग रिंगेवर चिकटपट्टी लावून टाकायची. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या कच्च्या रूपात, काढायचे. मोबाईल असेल तर चंद्राला, ग्रहांच्या युतीला तो पुरतो. पण स्टँड त्यालाही लागतोच.

लेन्स. 50 मिलीमीटर, एफ 1.8. एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड जास्त उघडं. डीएसएलआरच्या लेन्सांमध्ये ही सगळ्यात स्वस्तांतली एक. एफ 2.8 वर आणून वापरा, म्हणजे कडेचे तारे पसरत नाहीत. तरीही सोबत मिळणाऱ्या किट लेन्सच्या 5.6 पेक्षा चौपट प्रकाश येतो. चंद्राचे खड्डे हिच्याने मिळणार नाहीत. कुठल्याही लेन्सने चंद्र सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, नाभीय अंतराच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढा पडतो, म्हणजे इथे अर्धा मिलीमीटरसुद्धा नाही. पण मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानी, हे सगळं हिच्या आवाक्यात आहे. देवयानी दीर्घिका तर फोटोत सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत एवढी लांब भरते. तिला मोठं करायचंच नाहीये, तिच्यासाठी प्रकाश साठवायचाय.

आता पाया. तिकाटणं जड घ्या, जुनं असलं तरी हरकत नाही. मधला खांब कधीही वर काढू नका, पायही पूर्ण लांबवू नका, आणि खाली दगडांची पिशवी टांगा. बटण बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. एवढं केलं तरी आकाश सरकतंच. 500 भागिले नाभीय अंतर, तेवढे सेकंद तारे गोल राहतात. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 50 ची लेन्स सुमारे 80 सारखी वागते, म्हणून सहा सेकंद. त्यापुढे ताऱ्यांच्या रेघा होतात.

म्हणून माझ्या हातातली ही फळी, कॅमेऱ्याला आकाशाबरोबर वळवणारी. जॉर्ज हेग नावाच्या गृहस्थाने 1975 साली हिचा आराखडा एका मासिकात दिला. कोठाराच्या दारासारखी उघडते म्हणून तिकडे हिला बार्न डोअर ट्रॅकर म्हणतात. प्लायच्या दोन फळ्या, एक घट्ट बिजागरी, आणि सहा एमएमचा आटेवाला रॉड. सियागंजातून सामान आणलं, सुताराने एका दुपारीत करून दिलं. त्या रॉडचा एक फेरा म्हणजे एक मिलीमीटर. बिजागरीच्या खिळ्यापासून रॉडचं भोक बरोबर नऊ इंचांवर पाडा आणि मिनिटाला एक फेरा द्या, फळी पृथ्वीच्याच वेगाने उघडते. सुताराला 22.86 सेंटीमीटर सांगितलं असतं तर त्याने माझ्याकडे बघितलं असतं, नऊ इंच म्हटल्यावर पेन्सिल कानावरून काढली. बिजागरी रोखायची ध्रुवाकडे, इंदुरात सुमारे पावणेतेवीस अंश. सम्राट यंत्राचा उतार तो जवळजवळ हाच! हात लांब करून वीत ताणा. क्षितिजापासून साधारण एक वीत वर ध्रुव सापडेल. या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी खाली असतात, शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधा. सहा सेकंदांचं मिनिट होतं, म्हणजे प्रकाश दसपट. हे एवढं त्या 675 पटीत नव्हतं.

मग एकाच जागेचे पन्नास-साठ फोटो काढा आणि शेवटी, कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग वजा करायला, लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे पंधरा-वीस. संगणकावर डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअरं, दोन्ही फुकट आहेत, ते सगळं एकावर एक रचून देतात. सोळा फोटो रचले की खरखर, म्हणजे फोटोतले खोटे ठिपके, चौथाईवर येते, शंभर रचले की दहाव्या हिश्श्यावर. आणि माळव्यात रात्री दव पडतं, तेव्हा लेन्सभोवती लोकरीचा मोजा गुंडाळा, तळ कापलेला.

दोन मिनिटं उरलीत. ही फळी पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. आधी तिसऱ्या रांगेत, त्या मुलाकडे. बाळ, दर पंधरा सेकंदांना पाव फेरा. घड्याळ समोरच्या भिंतीवर आहे, काटा बारावर आला की फिरवायला लाग.