म्हशीला रविवार नसतो

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि उपस्थित बंधू-भगिनींनो,

कार्यकारिणीने मला ‘चांगल्या सवयी, एकाग्रता आणि अस्सलपणा’ हा विषय दिला, तेव्हा माझी पत्नी मनापासून हसली, कारण आमच्या तळघरातल्या ट्रेडमिलवर वाळत घातलेले कपडे तिला रोज दिसतात. तेव्हा या विषयातला अधिकारी म्हणून मी इथे उभा नाही, हे आधीच सांगतो. गेल्या वर्षी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने मी सलग चार महिने कोल्हापुरात राहिलो. नोकरीसाठी घर सोडल्यापासून एवढा मोठा मुक्काम पहिल्यांदाच घडला आणि त्या चार महिन्यांत सवयीविषयीची माझी समजूत पार उलटी झाली. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आमचे घर शिवाजी पेठेत आहे. अण्णा काठी टेकत चालू लागले तेव्हा त्यांनी पहिला हट्ट धरला तो गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाण्याचा. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गवळी आपल्या म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळलेल्या धारोष्ण दुधाचा पेला तुमच्या हातात देतात. पहिल्या दिवशी मी, परदेशातून आलेला माणूस जे करतो तेच केले, म्हणजे फोटो काढले. नीट पाहायला मला दुसरा आठवडा उजाडला. आमचे गवळीमामा कासेवर पाणी मारून ती स्वच्छ पुसत, पहिल्या दोन धारा जमिनीवर सोडत आणि मग चरवी गुडघ्यांत धरत. रिकाम्या चरवीत धार पडते तेव्हा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा चरचरीत आवाज येतो. दूध चढत जाते तसा तो मऊ आणि घोगरा होत जातो. मामा चरवीत डोकावत नसत. आवाजावरूनच त्यांना कळे की आता हात थांबवायचा. तेवढ्या वेळात कोणी काही विचारले तर उत्तर मिळत नसे, आणि न मिळाल्याचा कोणाला रागही येत नसे.

मी एकदा त्यांना विचारले, “मामा, तुम्ही सुट्टी कधी घेता?” ते माझ्याकडे न पाहता अण्णांना म्हणाले, “पाव्हण्याला सांगा, म्हशीला रविवार कळत न्हाई.”

धार काढली नाही तर कास ताठते, म्हैस दुखणाईत होते. त्यामुळे आज उठावे की नाही, असा प्रश्न मामांपुढे कधी उभाच राहत नाही. कट्ट्यावर पेला घेऊन गप्पा मारणाऱ्या सात-आठ म्हाताऱ्यांचेही तसेच होते. त्यांच्यापैकी एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारात उभा राहतो. अण्णा अंथरुणावर होते त्या काळात दोघेजण किटलीत दूध घेऊन घरी येत आणि बसून मागच्या थकलेल्या पैशांवरून भांडतही.

अण्णा तरुणपणी रोज पहाटे चारला तालमीत जात. त्यांची पिढी जबर इच्छाशक्तीची होती आणि आपण आळशी निघालो, असे मी आयुष्यभर मानत आलो होतो. हे मी त्यांना बोलून दाखवले तर ते म्हणाले, “कसली इच्छा! मला रोज झोपच यायची. पण वस्ताद दार बडवायला पोरगं पाठवायचे आणि सगळी गल्ली जागी व्हायची.” उठल्यावरही थेट जोर-बैठका नसत. आधी हातात खोरे येई. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, तांबडी माती, जिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेले असते, ती उकरून भुसभुशीत करायची आणि मग अंगाला लावायची. माती उकरून होईपर्यंत झोप गेलेली असे आणि मेहनत आपोआप सुरू होई. एखादा पठ्ठा “आज अंगात उत्साह न्हाई” म्हणाला, तर वस्ताद विचारत, “देवरुशी हाईस काय, अंगात येण्याची वाट बघायला?”

आता याच्या शेजारी माझी गोष्ट ठेवून पाहा. मी मोबाइलवर सवयी मोजणारे एक ॲप घेतले होते. कुठेतरी वाचले होते की सवय 21 दिवसांत लागते. या आकड्याचे मूळ मजेशीर आहे. एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिले होते की रुग्णाला आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीसेक दिवस लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि चेहऱ्याची गोष्ट सगळ्या सवयींना लागू झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर बारा आठवडे याचा अभ्यास केला, तेव्हा एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे 66 दिवस लागतात असे दिसले, आणि बारा आठवड्यांपुढचा अंदाज धरून माणसागणिक हा हिशेब 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला, तर त्याने फारसे बिघडत नव्हते. माझी साखळी त्रेचाळिसाव्या दिवशी तुटली, पडद्यावर मोठे शून्य आले आणि मी ते ॲप पुन्हा उघडले नाही. वस्तादांनी शून्य दाखवले नसते. त्यांनी दुसऱ्या दिवशी पोरगे पाठवले असते.

एकाग्रतेविषयी थोडक्यात बोलतो, कारण तिच्यावर आपण सगळेच हल्ली फार बोलतो आणि बोलताना खिशातला फोन चाचपतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधक ग्लोरिया मार्क यांनी 2004 साली मोजले, तेव्हा माणसाचे लक्ष एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होते. अलीकडच्या मोजणीत ते 47 सेकंदांवर आले आहे. पण यात माणूस बिघडला असे मला वाटत नाही. हौद्यात उतरलेल्या पैलवानाचे लक्ष विचलित होत नाही, याचे एक साधे कारण लंगोटाला खिसा नसतो हे आहे. आमच्या घरी आता संध्याकाळी सातनंतर सगळे फोन दाराजवळच्या चपलांच्या कपाटात जातात. पहिला आठवडा वाईट गेला आणि सर्वांत जास्त कुरकुर मुलांपेक्षा माझीच होती.

अस्सलपणाचा मुद्दा मात्र मला जास्त टोचतो. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरी वाटणाऱ्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर संतापाचा पूर आला होता. त्यातले तीन संदेश माझे होते. राग योग्यच होता, आणि पुढे कंपनीलाही ही प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य करावे लागले. पण संदेश पाठवून झाल्यावर मी माझी जोडी बाहेर काढली, तर तिच्यावर बुरशी आली होती आणि चामडे लाकडासारखे कडक झाले होते. वर्षातून एकदा गणेशोत्सवात फेटा बांधायचा, ती चप्पल घालायची, ‘नाद खुळा’ म्हणत फोटो काढायचा आणि पुन्हा कपाट बंद करायचे, एवढाच माझा कोल्हापूरशी उरलेला व्यवहार होता. कोल्हापुरात एका कारागिराला मी ती जोडी दाखवली. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले हे चामडे, त्याला पायाची ऊब आणि अधूनमधून तेलाचे बोट लागते, असे त्याने सांगितले. नवी चप्पल चावते, मग हळूहळू पायाचा आकार घेते, आणि हे सगळे घातली तरच. बुरशी पुसून त्याने जोडी परत दिली, पैसे घेतले नाहीत, आणि म्हणाला, “घाला की हो, शोकेसची न्हाई ही.”

आपण परदेशात बदललो, म्हणून अस्सल राहिलो नाही, असे कोणी म्हणते तेव्हा मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. मातीत तयार झालेले खाशाबा 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरले आणि सहावे आले. त्यांनी माती सोडली नाही आणि गादीला नावेही ठेवली नाहीत. चार वर्षे गादीची सवय करून घेतली. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. त्या वेळी मिळालेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. तिथेही एकट्याची इच्छाशक्ती नव्हती, एका प्राचार्याचे घरही पणाला लागले होते.

आपल्या मंडळात दीडशे कुटुंबे आहेत आणि आपण वर्षातून चार वेळा भेटतो. दिवाळी, गणपती, संक्रांत, उन्हाळी सहल. जेवण उत्तम असते. पण आपल्यापैकी कोणी महिनाभर दिसला नाही, तर ते कळायला आपल्याला पुढचा सण यावा लागतो. मी कार्यकारिणीकडे नवा उपक्रम, समिती किंवा निधी मागत नाही. दर शनिवारी सकाळी सहा वाजता मी तळ्याच्या पूर्वेकडच्या फाटकापाशी उभा राहणार आहे. तासभर चालायचे, मराठीत बोलायचे, न बोलायचे असेल तर नुसते चालायचे. दूध काढून द्यायला इथे म्हैस नाही, म्हणून मी थर्मासमध्ये चहा आणीन. कप आपापले आणावेत. पावसातही येईन. आणि एखाद्या शनिवारी सव्वासहापर्यंत मी दिसलो नाही, तर फोन करू नका, तो कपाटात असेल. घर दोन गल्ल्या पलीकडेच आहे, दार बडवा.